ब्लू माउंटन्समधले पहिले बुशवॉक: आधी उतार, मग चढ

सिडनीला येऊन महिना-दोन महिने झाले की ब्लू माउंटन्सची एक सहल होतेच. एको पॉइंटच्या कठड्याला टेकून थ्री सिस्टर्स या तीन सुळक्यांबरोबर फोटो, एक कॉफी आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्या कठड्याच्या डाव्या-उजव्या अंगाने फुटणाऱ्या पायवाटांवर मात्र फार थोडे जण वळतात. मला याची हळहळ वाटते, कारण हा डोंगर कळतो तो त्या वाटांवरच. ज्यांना बुशवॉकची, म्हणजे जंगलवाटांवर चालायची हौस आहे, पण इथल्या जंगलाची, हवेची आणि नियमांची अजून ओळख नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कटूम्बा गाव मध्यभागी धरायचं. त्याच्या पूर्वेला ल्यूरा आणि वेंटवर्थ फॉल्स, उत्तरेला ब्लॅकहीथ. चारही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही.

आधी डोंगराची रचना समजून घ्या

सह्याद्रीत गड चढलेल्यांच्या पायांना एक सवय लागलेली असते. गाव पायथ्याशी, गड वर. सकाळी ताज्या दमाने चढायचं आणि थकल्यावर उतार आपल्याला घरी आणून सोडतो. इथे सगळं उलटं आहे. गाव माथ्यावर आहे आणि जंगल खाली. कटूम्बा समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून थोडं उंच, ब्लॅकहीथ त्याहूनही किंचित वर. स्टेशनवरून निघालं की रस्ता जवळजवळ सपाट असतो, मग अचानक कडा येतो आणि वाट खाली उतरू लागते. सकाळी उतार, दुपारी चढ. पाय थकलेले, पाणी संपत आलेलं, ऊन डोक्यावर, आणि समोर शेकडो पायऱ्या.

याला कारण आहे. १८१३ मध्ये ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ या तिघांनी दऱ्यांतून वाट शोधण्याचा नाद सोडला आणि डोंगरधार धरून पश्चिमेकडे मार्ग काढला. पुढे रस्ता, रेल्वे आणि गावं त्याच धारेवर वसली. गुंडुंगुरा आणि दारुग हे इथले मूळनिवासी लोक त्यांच्या हजारो वर्षं आधीपासून या धारांवर आणि दऱ्यांत राहत, फिरत आले आहेत.

म्हणून इथल्या कुठल्याही वाटेवर पाऊल टाकण्याआधी एक हिशेब मनात पक्का करा: उतरायला जेवढा वेळ लागला, चढायला त्याच्या दुप्पट धरायचा. एक तास खाली गेलात तर परतीला दोन तास हवेत. पाणीही त्याच प्रमाणात राखायचं, दरीच्या तळाशी पोहोचताना निम्म्याहून जास्त शिल्लक पाहिजे. "अजून थोडं खाली जाऊन बघू" हे वाक्य इथे महागात पडतं, कारण त्या प्रत्येक 'थोड्या'ची परतफेड चढून करावी लागते. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आदल्या दिवशी: वाट उघडी आहे का?

हे काम फोनवर पाच मिनिटांचं आहे. न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या संकेतस्थळावर प्रत्येक वाटेचं पान आहे आणि त्या उद्यानाच्या ताज्या सूचना वेगळ्या दिलेल्या असतात. दरड कोसळली आहे, पूल वाहून गेला आहे, दुरुस्ती चालू आहे, असं काहीही असलं तर तिथे कळतं. गावाला लागून असलेल्या काही वाटा ब्लू माउंटन्स सिटी कौन्सिलच्या ताब्यात आहेत, त्यांची माहिती कौन्सिलच्या पानावर मिळते. दोन्ही बघा.

बंद वाटेचं फाटक ओलांडून जाणारे लोक तुम्हाला दिसतील. त्यांच्यामागे जाऊ नका. इथल्या कड्यांच्या वरच्या भागात जाड वालुकाश्म आहे आणि त्याच्याखाली शेल, कोळसा असे मऊ थर. मऊ थर झिजतात, वरच्या खडकाचा आधार जातो आणि मोठाले तुकडे सुटून पडतात. हे सरळसोट कडे त्यामुळेच तयार झाले. म्हणजे ज्या क्रियेने हे दृश्य घडवलं ती अजून थांबलेली नाही, आणि जोराच्या पावसानंतर तिला वेग येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये वेंटवर्थ फॉल्सजवळ वेंटवर्थ पासच्या वाटेवर दरड कोसळून दोघांचा जीव गेला. त्या वर्षीच्या पावसानंतर या भागातल्या अनेक वाटा दीर्घकाळ बंद होत्या. 'बंद' या पाटीमागे कुणीतरी दोरावर लटकून तपासलेला खडक असतो.

वाटांना १ ते ५ अशी श्रेणी दिलेली असते. १ म्हणजे व्हीलचेअर जाईल अशी सपाट वाट, ३ म्हणजे पायऱ्या आणि थोडे तीव्र चढ, ४ ला जंगलात चालण्याचा अनुभव लागतो, ५ फक्त जाणकारांसाठी. गिर्यारोहणाची सवय असली तरी पहिल्या वेळी ३ च्या पुढे जाऊ नका. दिलेला वेळही गंभीरपणे घ्या.

हवा

कटूम्बाला जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान २३ अंशांच्या आसपास असतं, जुलैत ९ च्या. सिडनीत टी-शर्टवर निघालेला माणूस कटूम्बा स्टेशनवर उतरून कुडकुडतो, हे दृश्य नेहमीचं आहे. वारा असेल तर आकड्यांपेक्षा जास्त गारठा जाणवतो. अधूनमधून हिवाळ्यात बर्फही पडतो.

धुक्याचं काही सांगता येत नाही. एको पॉइंटवर कधीकधी समोर नुसती पांढरी भिंत असते. अशा दिवशी कड्याकडेच्या वाटांवर फार हाती लागत नाही, पण धबधब्यांच्या आणि नेच्यांच्या घळी धुक्यात फार सुंदर दिसतात, तेव्हा बेत रद्द करण्याऐवजी वाट बदला. जोराचा वारा मात्र वेगळी गोष्ट. निलगिरीच्या मोठ्या फांद्या अचानक तुटून पडतात. वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर घरी राहा.

वणवा ही इथली सगळ्यात मोठी भीती. आगीचा अधिकृत हंगाम साधारण १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. २०१९-२० च्या उन्हाळ्यात या जागतिक वारसा क्षेत्राचा फार मोठा भाग जळाला. वणव्याच्या धोक्याच्या चार पातळ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटस्ट्रॉफिक. शेवटच्या दोन पातळ्यांच्या दिवशी दरीत उतरायचं नाही, उद्यानंही बहुधा बंदच केली जातात. आग चढावर उतारापेक्षा कितीतरी वेगाने पळते, आणि तुमची परतीची वाट चढाचीच आहे हे लक्षात घ्या. वणव्यांच्या सूचना देणारं 'हझार्ड्स निअर मी' हे ॲप फोनवर ठेवा. टोटल फायर बॅनच्या दिवशी उघड्यावर चूल, कोळशाची शेगडी काहीही पेटवता येत नाही.

चालण्यासाठी मला शरद आणि वसंत आवडतात. एप्रिल-मेमध्ये हवा स्वच्छ आणि कोरडी असते. ऑगस्टपासून वॅटलची पिवळी फुलं येतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाराटाची टप्पोरी लाल फुलं. वाराटा हे या राज्याचं राज्यफूल, ते तोडायला मनाई आहे. हिवाळाही चांगला, फक्त दिवस लहान. जूनमध्ये पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं.

पाठीवर काय घ्यायचं

अर्ध्या दिवसाच्या वाटेला माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. वाटेत ओढे लागतील, पाणी नितळ दिसेल, तरी पिऊ नका. गाव वर आहे हे आठवा: रस्त्यांवरून आणि अंगणांतून वाहिलेलं पाणीच खाली येतं.

बूट खाचांच्या तळव्याचे हवेत. ओल्या वालुकाश्मावर आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळव्याचे स्नीकर्स सरळ घसरतात. पावसाळी जाकीट आणि एक गरम थर, निघताना कितीही ऊन असलं तरी. टोपी आणि सनस्क्रीन. हेडटॉर्च, कारण फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते आणि तीच तुमची मदतीची तार आहे. शिट्टी. दोन-तीन रुंद, ताणले जाणारे बँडेज, त्यांचा उपयोग पुढे सांगतो. खायला पोळीची गुंडाळी, सुकामेवा, केळी, जे तुमच्या पोटाला ओळखीचं असेल ते. कचऱ्याला एक पिशवी. केळीची सालंसुद्धा परत आणायची.

नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा. कड्याखाली उतरलं की मोबाइलचं जाळं बहुतेक ठिकाणी नसतं.

कुणाला तरी सांगून जा

इथल्या पोलिसांचा आणि नॅशनल पार्क्सचा 'थिंक बिफोर यू ट्रेक' म्हणून एक उपक्रम आहे. मुद्दे साधे आहेत: पुरेसं सामान घ्या, कुठे जाणार आणि कधी परतणार हे कुणाकडे तरी नोंदवा, आपत्कालीन संपर्काचं साधन बरोबर ठेवा, ठरवलेल्या वाटेवरच राहा.

घरच्या माणसाला किंवा मित्राला संदेश पाठवताना "ब्लू माउंटन्सला चाललोय" एवढं पुरत नाही. कुठल्या ठिकाणाहून उतरणार, कुठल्या वाटेने, कुठे वर येणार, बरोबर कोण आहे आणि किती वाजेपर्यंत खबर आली नाही तर पोलिसांना फोन करायचा, हे सगळं लिहा. भारतातल्या नातेवाइकाला सांगून उपयोग नाही, सिडनीतला माणूस हवा.

लांबच्या वाटेला जाणार असाल तर पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे पीएलबी, घ्या. हे छोटं यंत्र उपग्रहामार्फत तुमची जागा बचाव पथकाला कळवतं, मोबाइलचं जाळं लागत नाही. कटूम्बाच्या पोलीस ठाण्यातून आणि ब्लॅकहीथच्या नॅशनल पार्क्सच्या केंद्रातून ते विनामूल्य उसनं मिळतं. एवढी चांगली सोय असताना आपल्यातल्या फार थोड्यांना ती माहीत आहे.

पोहोचायचं कसं

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून ब्लू माउंटन्स लाइनची गाडी पकडा. कटूम्बाला साधारण दोन तास लागतात. प्रवासाचं ओपल कार्ड किंवा तुमचं बँकेचं टॅप कार्ड चालतं. शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा इतर दिवसांपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे लांबचा प्रवास तेव्हा परवडतो. शनिवार-रविवारी कधीकधी रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवून बस सोडतात, तेवढं आदल्या रात्री तपासा, नाहीतर दोनाचे तीन-साडेतीन तास होतात. सकाळी लवकरची गाडी धरा. नऊच्या आत वाटेवर असलात तर दिवस तुमचा आहे.

स्टेशनवरून एको पॉइंट अडीच किलोमीटरच्या आसपास, उताराचा रस्ता, चालत अर्धा-पाऊण तास. ६८६ क्रमांकाची बस तिथे आणि सीनिक वर्ल्ड या पर्यटनस्थळाला जाते. गाडीने जाणार असाल तर एको पॉइंटला पार्किंगचे पैसे पडतात. सुट्टीच्या दिवशी दहानंतर तिथे जागा मिळणं अवघड.

पहिली वाट: ल्यूरा ते एको पॉइंट, कड्याच्या कडेने

सुरुवात इथून करा असं मी सगळ्यांना सांगतो. 'प्रिन्स हेन्री क्लिफ वॉक' ही वाट ल्यूराच्या गॉर्डन फॉल्सपासून कटूम्बाच्या धबधब्यापर्यंत सुमारे सात किलोमीटर जाते. १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स हेन्रीचं नाव तिला दिलं. मंदीच्या त्या काळात बेरोजगारांना काम देण्याच्या योजनेतून ती बांधली गेली. दगडात बसवलेल्या पायऱ्या, हातांनी रचलेले कठडे आजही शाबूत आहेत.

पूर्ण सात किलोमीटर पहिल्याच दिवशी करायची गरज नाही. ल्यूरा स्टेशनला उतरा, दुकानांच्या रस्त्याने दक्षिणेकडे चालत ल्यूरा कॅस्केड्सला या. इथे स्वच्छतागृह आहे, बसायला बाकं आहेत. ओढा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उड्या मारत जातो आणि वाट त्याच्या काठाने. पुढे पश्चिमेकडे वळलात की उजवीकडे भिंतीसारखा खडक, डावीकडे जेमिसन दरी. दर दहा-पंधरा मिनिटांनी एखादा लुकआउट, म्हणजे दरी बघायची जागा येते. हनिमून लुकआउटपासून थ्री सिस्टर्स बाजूने दिसू लागतात, आणि लेडी डार्लीज लुकआउटवरून मला त्या एको पॉइंटपेक्षा जास्त आवडतात, कारण तिथे गर्दी नसते. एको पॉइंटपर्यंत अडीच तास धरा.

या वाटेचा मोठा फायदा असा की ती कड्याच्या वरच राहते. चढ-उतार आहेत, पण थकलात तर बऱ्याच ठिकाणी वर मोटारीच्या रस्त्यावर निघता येतं. पाय, बूट, पाणी, सगळ्याची परीक्षा होते आणि अंगाशी काही येत नाही.

दरीवर दिसणारी निळसर झाक बघताना थोडं थांबा. लांबवरचे डोंगर निळे दिसतातच, पण निलगिरीच्या पानांतून हवेत मिसळणाऱ्या तेलाच्या बाष्पामुळे इथली झाक अधिक गडद होते असं मानतात. उन्हाच्या दुपारी तो वास नाकालाही येतो. आणि थ्री सिस्टर्सच्या खडकांवर चढायचं नाही. २०१४ मध्ये ही जागा कायद्याने 'ॲबोरिजिनल प्लेस' म्हणून जाहीर झाली आहे, मूळच्या लोकांसाठी ती पवित्र आहे.

दुसरी: वेंटवर्थ फॉल्स, डार्विनच्या मागोमाग

१८३६ च्या जानेवारीत 'बीगल' जहाज सिडनीला असताना २६ वर्षांचा चार्ल्स डार्विन घोड्यावरून या डोंगरात आला. त्याने लहानशा ओढ्याच्या काठाने चालत जाऊन अचानक समोर उघडलेली ही प्रचंड दरी पाहिली आणि तो थक्क झाला. ओढ्यांच्या पाण्याने एवढ्या दऱ्या कोरल्या असतील हे त्याला पटलं नाही, त्याने श्रेय समुद्राला दिलं. आज आपण जाणतो की ओढ्यांनीच हे काम केलं, फक्त त्यांना अफाट काळ मिळाला.

त्याच ओढ्याकाठी आज 'चार्ल्स डार्विन वॉक' आहे. वेंटवर्थ फॉल्स स्टेशनजवळच्या विल्सन पार्कमधून सुरू होते, एका बाजूने साधारण अडीच किलोमीटर. आधी गावाच्या मागच्या अंगाने, मग लाकडी फळ्यांच्या वाटेवरून, मग छोट्या धबधब्यांपाशी. शेवटी ओढा जिथे कड्यावरून कोसळतो तिथे तुम्ही उभे असता. तीन टप्प्यांचा हा धबधबा एकूण १८७ मीटरचा. इथून परत फिरलात तरी दिवस सार्थकी लागला.

पुढे जायचं तर दोन पर्याय. ओव्हरक्लिफ-अंडरक्लिफ ही वाट कड्याच्या वरच्या भागातच, कपारींखालून, ठिबकणाऱ्या पाण्यातून जाते, आणि मला ती या सगळ्या परिसरातली सर्वांत लाघवी वाट वाटते. दुसरी नॅशनल पास. १९०८ मध्ये खुली झालेली ही वाट कड्याच्या मध्यावर, कठीण खडकाखालच्या मऊ थराने तयार झालेल्या पट्टीवरून जाते. डोक्यावर शंभर मीटर खडक, पायाखाली शंभर मीटर दरी. मजूर दोरांवर उतरून सुरुंग लावत असत. उतार आणि शेवटचा चढ दोन्ही दमवणारे आहेत, त्यामुळे ती तिसऱ्या-चौथ्या वेळेसाठी ठेवा, आणि पूर्ण उघडी आहे की नाही हे तपासल्याशिवाय तिच्यासाठी निघू नका.

तिसरी: ब्लॅकहीथची ग्रँड कॅनियन

पहिल्या दोन वाटांवर दरी बाहेरून दिसते. ही वाट तुम्हाला आत नेते. सहा किलोमीटरच्या आसपासचा वळसा, चार तास धरा. नीट्स ग्लेनकडून उतरा आणि इव्हान्स लुकआउटला वर या. उतरताना दहा मिनिटांतच झाडं बदलतात. वरची कोरडी निलगिरी, बँक्सिया संपतात आणि कोचवूड, सॅसाफ्रास, उंच वृक्षनेचे सुरू होतात. हवा गार होते. मग ग्रीव्ह्ज क्रीकने कापलेली अरुंद घळ, दोन्हीकडे शेवाळलेल्या भिंती, कुठे छोटा बोगदा, कुठे पाण्यातल्या दगडांवरून पलीकडे. भर उन्हाळ्यातही इथे गारवा असतो.

हिवाळ्यात इथे लायरबर्ड ऐकण्याची चांगली संधी. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, शेपूट मात्र विलक्षण, आणि तो एकापाठोपाठ एक दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. कुकाबरा, व्हिपबर्ड, काकाकुवा असे सगळे एकाच झुडपातून ओरडताना ऐकू आले तर थांबा, बोलणं बंद करा, तो पाला उकरत वाटेवरही येतो.

दोन गोष्टी. जोराचा पाऊस चालू असेल किंवा येणार असेल तर या घळीत जाऊ नका, पाणी झपाट्याने वाढतं आणि बाजूला चढायला जागा नसते. आणि इव्हान्स लुकआउटचा शेवटचा चढ लांब आहे, त्यासाठी पाणी आणि खाऊ राखून ठेवा. स्टेशनपासून ही वाट बरीच दूर असल्याने गाडी किंवा टॅक्सी लागते.

जायंट स्टेअरवे

थ्री सिस्टर्सच्या बाजूने दरीत उतरणाऱ्या ८०० हून अधिक पायऱ्या, १९३२ मध्ये खुल्या झालेल्या. त्या उतरायच्या, खालून फेडरल पासच्या वाटेने जंगलातून पश्चिमेकडे चालायचं आणि सीनिक वर्ल्डच्या रेल्वेने वर यायचं, हा बेत नवख्यांना जमतो. ही रेल्वे ५२ अंशांच्या चढाची, मुळात कोळशाच्या खाणीसाठी घातलेली. वाट उघडी आहे का, रेल्वे चालू आहे का, तिकीट कुठे मिळेल आणि शेवटची फेरी किती वाजता, हे चारही उतरण्याआधी विचारून घ्या. ती फेरी चुकली तर फर्बर स्टेप्सने पुन्हा तेवढ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी ही वाट टाळावी, चढापेक्षा उतार गुडघ्यांना जास्त जाचतो.

आई-बाबा आले असतील तर

भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी ब्लॅकहीथची फेअरफॅक्स हेरिटेज वॉक सर्वांत चांगली. नॅशनल पार्क्सच्या केंद्रापासून गव्हेट्स लीप लुकआउटपर्यंत, दोन किलोमीटरच्या आतबाहेर, पायऱ्या नाहीत, व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही जातात. शेवटी ग्रोस दरीचं जे दर्शन होतं ते एको पॉइंटच्या तोडीचं आहे. केंद्रात नकाशे मिळतात आणि रेंजरला वाटांबद्दल विचारता येतं. त्यांना मोकळेपणाने विचारा, ते मनापासून सांगतात.

वाटेवर असताना

आखलेली वाट सोडू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. कड्याच्या काठचा वालुकाश्म भुसभुशीत असतो आणि झुडपांमागे काठ दिसत नाही. मुलांचा हात धरा. अरुंद जागी चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, हसून "हॅलो" म्हणा. स्पीकरवर गाणी नकोत. राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेता येत नाही, ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. काही वाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश असतात. ते वापराच, कारण चिखलातून पसरणारा बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव इथल्या झाडांची मुळं कुजवतो.

साप दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. उन्हाळ्यात ते वाटेवर ऊन खात पडलेले असतात. पोकळ ओंडक्यांत आणि बिळांत हात घालू नका, फनेल-वेब जातीचा कोळी विषारी आहे. पावसानंतर जळवा लागतात. त्या त्रास देतात, धोका नसतो, लांब मोजे पुरतात.

काही बिघडलं तर

वाट चुकल्यासारखं वाटलं की चालणं थांबवा. ओढा धरून खाली गेलं की गाव लागेल हा आपल्याकडचा आडाखा इथे जीवघेणा ठरू शकतो: ओढा कड्यावरून कोसळतो, आणि गाव तर वर आहे. ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत परत जाता येत असेल तर जा. नाहीतर एका जागी, वरून दिसेल अशा मोकळ्या ठिकाणी बसा, गरम कपडे चढवा, शिट्टी तीनतीनदा वाजवा. जंगलातून "कूऽईऽ" अशी लांब हाक आली तर तशीच उलट हाक द्या, ही इथली जुनी रीत आहे.

मदतीचा क्रमांक ०००. तुमच्या कंपनीचं जाळं नसलं तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असेल तर हा फोन लागतो, म्हणून करून बघाच. 'इमर्जन्सी प्लस' ॲपवर तुमचे अक्षांश-रेखांश दिसतात, ते वाचून सांगा. जिवावरचा प्रसंग असेल आणि फोन लागत नसेल तर पीएलबी सुरू करा आणि तिथेच थांबा.

साप किंवा फनेल-वेब चावल्यास: माणसाला खाली बसवा, अजिबात चालू देऊ नका. जखम धुऊ नका, कापू नका, चोखू नका. चावल्याच्या जागेवर रुंद बँडेज घट्ट बांधा, मग दुसरं बँडेज बोटांपासून सुरू करून पूर्ण हातावर किंवा पायावर वर गुंडाळत न्या. काठी लावून तो अवयव हलणार नाही असा बांधा आणि ००० ला फोन करा. हे घरी सोफ्यावर बसून एकदा करून बघा, जंगलात पहिल्यांदा करायला जाऊ नका.

परतल्यावर, आणि पुढे

ज्याला वेळ सांगितली होती त्याला गाडीत बसायच्या आधी "वर आलो" असा निरोप द्या. हा निरोप विसरला गेला की रात्री पोलीस आणि स्वयंसेवक तुम्हाला शोधायला दरीत उतरतात. कपडे झटका, मांड्या, काखा, केसांच्या कडेला गोचीड नाही ना ते बघा. पीएलबी घेतला असेल तर परत करा.

या तीन-चार वाटा पायाखालून गेल्या, चढाचा हिशेब अंगवळणी पडला, की ब्लॅकहीथच्या पेरीज लुकडाउनवरून ग्रोस दरीतल्या ब्लू गम फॉरेस्टचा विचार करा. १९३१ मध्ये हिंडायला आलेल्या बुशवॉकर मंडळींना कळलं की हे जंगल तोडलं जाणार आहे. त्यांनी वर्गणी गोळा करून १३० पाउंडांना ते विकत सोडवलं. सहाशे मीटरहून जास्त उतार आहे आणि तेवढाच चढ. त्या वाटेला एकटं जाऊ नका, दिवस मोठा असताना जा, आणि बरोबर असा एक माणूस घ्या जो आधी तिथून वर चढून आलेला आहे.